उद्दिष्टात शिरलेल्या अटी

तिसरीच्या टाचण वहीत एक उद्दिष्ट हमखास सापडतं : 'विद्यार्थी ऐकलेल्या गोष्टीतील घटना क्रमाने वहीत लिहितो.' वाचायला निर्दोष. हेच वाक्य उधव्याच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेत न्या आणि एकेका मुलासमोर ठेवून बघा. घरी वारली बोलणारी मुलगी गोष्ट समजूनही गप्प बसते, कारण 'घटना' आणि 'क्रम' हे दोन्ही शब्द तिने घरी कधी ऐकलेले नाहीत. कमी ऐकू येणारा मुलगा मागे बसलेला असतो, त्याच्यापर्यंत अर्धीच गोष्ट पोचते. बोटांवर पुरता ताबा नसलेल्या मुलाचा अख्खा तास दोन ओळी लिहिण्यात जातो. वीटभट्टीवरून नुकताच परत आलेला मुलगा अजून अक्षरं जुळवतोय. आधी काय झालं आणि मग काय झालं, हे या चौघांनाही कदाचित नीट उमगलेलं असतं. कुणी त्यांच्या बोलीत विचारलं, हातात चित्रं दिली, थोडा वेळ दिला, तर ते दाखवतीलही. वहीतला शेरा मात्र चौघांनाही सारखाच मिळतो.

इथे मूल चुकलेलं नसतं. शिक्षकाने कष्ट कमी घेतलेत असंही नसतं. गडबड उद्दिष्टाच्या वाक्यातच असते. शिकवायचं होतं ते घटनांचा क्रम लावणं. त्याच्यासोबत न बोलावता बरंच काही आत आलं : कानानेच ऐकलं पाहिजे, प्रमाण मराठीतच समजलं पाहिजे, लिहूनच दाखवलं पाहिजे, याच तासिकेत झालं पाहिजे. क्रम लावण्याच्या कौशल्याशी यांतल्या एकाही अटीचा संबंध नाही. म्हणून माझा आग्रह असा की पाठ समावेशक करायला बसाल तेव्हा तक्ते, खेळ, साहित्य यांच्याकडे वळण्याआधी उद्दिष्टाचं वाक्य समोर घ्या. त्यातला गाभा अधोरेखित करा आणि उरलेल्या प्रत्येक शब्दाला विचारा, तू इथे कशाला?

'आमच्याकडे तर सगळी आदिवासीच मुलं, विविधता कुठून आणायची?' हे वाक्य कानावर येतं तेव्हा वाईट वाटतं. उधवा तलासरी तालुक्यातलं, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगतचं गाव. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात वारली आहेत, कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी आहेत, काही ठिकाणी कातकरी आहेत. प्रत्येकाची बोली वेगळी, घरातली रीत वेगळी. सिल्वासा-वापीकडे कामाला जाणाऱ्या घरात गुजराती आणि हिंदी येते, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात. वर्गात कातकरी मुलाशेजारी बसायला दुसरी मुलं नाखूश असतील, तर ते शिक्षकाच्या नजरेतून सुटता कामा नये. जमातीचं नाव एका रकान्यात लिहिलं की विविधता संपली, असं समजणं सोयीचं असतं, खरं नसतं.

त्यात शाळा लहान असतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एकेका शिक्षकाकडे किमान दोन इयत्ता, आणि कुणी प्रशिक्षणाला किंवा सर्वेक्षणाला गेलं की चारही. 'एवढ्यात प्रत्येकासाठी वेगळा पाठ कुठून करायचा?' हा प्रश्न रास्तच आहे. वेगळे पाठ करायचेच नाहीत. एकच पाठ असा मांडायचा की त्यात शिरायला आणि त्यातून बाहेर पडायला एकाहून जास्त दारं असतील. अमेरिकेतल्या 'कास्ट' या १९८४ साली सुरू झालेल्या संस्थेने 'युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग' या नावाने हाच विचार मांडला. शिकण्यात रस वाटावा, माहिती पोचावी आणि शिकलेलं दाखवता यावं, या तिन्हींसाठी आधीपासूनच एकाहून अधिक मार्ग ठेवायचे, हे त्याचं सार.

## कोसबाडने आधीच करून दाखवलेलं

हा विचार शिकायला फार लांब जायची गरज नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्या काळात आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत ही सगळ्यांचीच तक्रार होती. या दोघींनी ती तक्रार उलटी करून पाहिली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात भरवू. गुरं राखणारी मुलं दिवसभर कुरणात असतात, तर कुरणशाळा काढू. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडते म्हणून शिकत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणू. त्यातून विकासवाडी उभी राहिली.

प्रत्येक वेळी काय केलं ते बघा. शिकण्याच्या गाभ्याला त्यांनी हात लावला नाही. मॉन्टेसोरींच्या पद्धतीतलं इंद्रियशिक्षण, हाताने करून बघणं, मुलाला त्याच्या गतीने जाऊ देणं, हे सगळं कसोशीने पाळलं. साधनं मात्र बिया, पानं, दगडगोटे अशी हाताशी असलेली घेतली. काढून टाकल्या त्या अटी : ठरावीक इमारत, ठरावीक वेळ, एकट्याने येणं, महागडं साहित्य. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळालं. वर्गात अडलात तर हा इतिहास आठवा. आज कुठली अट आडवी आली आहे आणि ताराबाई-अनुताई असत्या तर त्यांनी तिचं काय केलं असतं, असं स्वतःला विचारलं तरी उत्तर बरंचसं सापडतं.

## एक पाठ, जवळून

आता तेच क्रमाचं उद्दिष्ट घेऊ. गाभा एवढाच : 'घटनांचा क्रम लावतो/लावते आणि तसाच क्रम का, ते सांगतो/सांगते.' त्यातला 'का' मी मुद्दाम घातला आहे. कारण कळल्याशिवाय लावलेला क्रम म्हणजे नुसतं पाठांतर.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट पहिल्या दिवशी उघडू नका. आधी मुलांना विचारा, भात कसं येतं? हा विषय या भागातल्या बहुतेक मुलांच्या अंगात भिनलेला असतो. राब भाजायचा, पेरायचं, चिखलणी, आवणी, बेणणी, कापणी, झोडणी. मुलं आपापल्या बोलीत बोलतील, एकमेकांना दुरुस्त करतील, वाद घालतील. घालू द्या. तुम्ही फक्त प्रत्येक कामाचं साधं रेघांचं चित्र जुन्या पुठ्ठ्याच्या एकेका तुकड्यावर काढत जा. चित्रांखाली अजून काही लिहू नका. शेजारी खऱ्या वस्तू ठेवा : राबाच्या राखेची पुडी, साळीची मूठ, पेंढ्याची काडी, तूस, तांदूळ. कमी दिसणाऱ्या मुलाला चित्र दिसणार नाही, पण राख आणि तूस यांतला फरक त्याच्या बोटांना कळतो.

मग जमिनीवर खडूने ओळीने चौकोन आखा आणि पुठ्ठे मांडायला सांगा. बरोबर मांडून झाले की तुम्ही स्वतः दोन पुठ्ठ्यांची अदलाबदल करा. आवणी आधी आणि पेरणी नंतर ठेवा. 'असं चालेल का?' मुलं हसतील. 'का नाही चालणार?' इथे थांबा, घाई करू नका. रोपच नाही तर लावणार काय, असं कुणीतरी म्हणेल. तो क्षण पाठाचा गाभा आहे, आणि तो वारलीत उच्चारला गेला तरी तितकाच पक्का आहे. मुलाचं उत्तर तुम्हाला कळलं नाही तर दुसऱ्या मुलाला सांगा, 'हा काय म्हणाला ते मला समजावून दे.' त्यात बोलणाऱ्याचा मान राहतो आणि समजावणाऱ्याचं मराठी पुढे सरकतं.

याच खेळात सगळे सामावतात. हात थरथरणाऱ्या मुलाला पुठ्ठा उचलायचा नसेल तर तो बोट दाखवेल किंवा नजरेने सांगेल आणि शेजारचा मांडेल. मात्र शेजारच्याने ठरवायचं नाही, सांगितलेलंच करायचं. हा नियम पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगून टाका. बौद्धिक विकास संथ असलेल्या मुलीच्या हातात सात पुठ्ठे देऊ नका. रोप आणि तांदूळ हे दोनच द्या : यातलं आधी काय? दोन जमले की मध्ये कापणीचा तिसरा. विषय तोच, चौकोन तेच, मुलीच्या वाट्याचं ओझं तेवढं वेगळं. ज्या घरात शेत नाही, दुसऱ्याकडे मजुरीला जातात, त्या मुलालाही हे काम ठाऊक असतंच. तरी एकदा त्याच्या घरचं काम विचारा. खेकडे धरणं, मासे पकडून भाजणं यांनाही पक्का क्रम असतो आणि त्या तासाला तोच मुलगा सगळ्यांचा शिक्षक होऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी 'आधी', 'मग', 'त्यानंतर', 'शेवटी' असे शब्द पट्ट्यांवर लिहून आणा. मुलं आधी बोलीत सांगतील, मग हे मराठी शब्द चित्रांच्या मध्ये ठेवतील. आपण काय सांगतोय ते मुलांना पुरतं ठाऊक असतं, म्हणून नवं मराठी त्यांना जड जात नाही. सांगायचा आशयही नवा आणि भाषाही नवी, अशी दोन्ही ओझी एकदम दिली की मूल गप्प होतं. तिसऱ्या दिवशी पुस्तकातली गोष्ट उघडा. ती पुस्तकातल्या मराठीत एकदा वाचा, मग हावभाव करत, चित्रं दाखवत पुन्हा सांगा. पुठ्ठे आता मुलांनी करायचे.

चौथ्या दिवशी शिकलेलं दाखवायचं. पुठ्ठे मांडून सांगा, गटाने करून दाखवा, चित्रपट्टी काढा किंवा लिहा. मूल यांतलं काहीही निवडेल, पण प्रत्येकाला प्रश्न एकच विचारायचा : 'ही घटना त्या घटनेच्या आधी का?' या प्रश्नाचं उत्तर मिळालं की उद्दिष्ट गाठलं गेलं, मग मार्ग कुठलाही असो. ज्यांना हे पहिल्याच दिवशी जमलं त्यांना रिकामं बसवू नका किंवा दुसऱ्यांच्या वह्या तपासायलाही लावू नका. गोष्ट शेवटापासून सुरू करून सांगायला सांगा. ते चौथीच्या मुलांनाही घाम फोडतं, आणि जोडवर्ग असेल तर चौथीचं काम आपसूक तयार होतं.

इथे एक सावधगिरी. चित्रपट्टी म्हटलं की गेरूवर पांढऱ्या त्रिकोणी आकृत्या काढायला लावायचा मोह होतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, अभिमान वाटावा अशाच या गोष्टी आहेत. पण लग्नात भिंतीवर चौक लिहिण्याला समाजात विधीचं स्थान आहे, आणि ते काम सुवासिनी करत आल्या आहेत. प्रत्येक वारली मुलाला ही चित्रं येतातच असं नाही, आणि ती त्याने काढलीच पाहिजेत असंही नाही. संस्कृती वर्गात यावी ती मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टींना मान देऊन. पाहुणे येणार म्हणून भिंत सजवली, तर त्यातून मुलाच्या शिकण्यात काही भर पडत नाही.

## लिहिणं सोडायचं नाही

एक शंका इथे येणारच. असं प्रत्येक वेळी सूट देत गेलो तर मुलं लिहायला कधी शिकणार? शंका योग्य आहे आणि उत्तरही सरळ आहे. क्रम हे उद्दिष्ट असेल त्या दिवशी लिहिणं ही अट ठरते. लिहिणं हेच उद्दिष्ट असेल त्या दिवशी लिहिण्याला सूट नाही. त्या दिवशी बाकीच्या अटी काढायच्या. विषय मुलाच्या ओळखीचा ठेवा, सहा वाक्यांचा हट्ट सोडा, बोलीतला शब्द आला तर तो खोडू नका. पेन्सिल निसटत असेल तर तिला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा, वहीऐवजी मोठ्या चौकोनांचा कागद किंवा पाटी द्या. तेही जमत नसेल तर सुट्या अक्षरपट्ट्या लावून शब्द तयार करणं हेसुद्धा लेखनच आहे. आणि कोणी काय निवडलं याची नोंद ठेवा. एकच मुलगा महिनाभर चित्रंच काढत असेल तर पुढच्या वेळी त्याच्या चित्राखाली एक वाक्य त्याच्यासोबत बसून लिहा.

गणितातही हाच घोटाळा होतो. बाजारात पन्नासच्या नोटेतून सुटे पैसे मोजून घेणारी मुलगी शाब्दिक उदाहरणात अडते, आणि आपण तिला वजाबाकी येत नाही असं लिहून मोकळे होतो. तिला अडवलं ते 'किती रुपये शिल्लक राहिले असतील' या वाक्याने. वजाबाकी तपासायची असेल तर खेळण्यातल्या नोटा द्या. शाब्दिक उदाहरणाचं वाचन तपासायचं असेल तर संख्या सोप्या ठेवा. दोन्ही एकदम तपासलं की नेमकं काय येत नाही ते आपल्यालाच कळत नाही.

## भाषा वेगळी की शिकण्यातच अडचण?

या भागातल्या शिक्षकांसमोरचा हा सर्वात नाजूक प्रश्न आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. बोली वेगळी असलेल्या धडधाकट मुलाला 'मतिमंद आहे' म्हणून बाजूला बसवलं जातं. उलट, खरोखर अडचण असलेल्या मुलाची वर्षंच्या वर्षं 'घरी मराठी नाही, होईल हळूहळू' या समजुतीत जातात.

ओळखायची एक साधी रीत आहे. मुलाला त्याच्या घरच्या बोलीत तपासा, त्या बोलीतल्याच माणसाकडून. अंगणवाडी सेविका, पोषण आहार शिजवणारी ताई, गावातला शिकलेला तरुण, मोठी बहीण, कोणीही चालेल. मूल घरच्या बोलीत वयाला साजेसं बोलतं का, निरोप पोचवतं का, खेळाचे नियम सांगतं का, सांगितलेली दोन-तीन कामं लक्षात ठेवून करतं का? हे सगळं जमत असेल तर मुलाची भाषा भक्कम आहे, त्याला मराठीचा पूल बांधून द्यायचा आहे. घरच्या बोलीतही अडत असेल तर मात्र थांबू नका. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा.

भारतीय संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदात प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याच्या सोयींचा उल्लेख आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सुद्धा शक्य तिथवर मातृभाषा माध्यम असावी असं सांगतं. त्यामुळे वर्गात वारली ऐकू येणं ही सवलत नाही, तो मुलाचा हक्क आहे. तुम्हाला बोली येत नसेल तर मुलांकडून शिका. रोजच्या सूचना, नाती, शरीराचे भाग, दुखतंय-खुपतंय हे शब्द आधी. पोटात दुखतंय हे मुलाला त्याच्या भाषेत सांगता येणं आणि तुम्हाला ते कळणं, वर्गाची सुरुवात तिथून होते.

ऐकण्याची अडचण तर हमखास निसटते. कान वाहणं इतकं नेहमीचं झालेलं असतं की त्याकडे आजार म्हणून कोणी बघत नाही. हाक मारल्यावर वळत नाही, बोलताना आपल्या तोंडाकडे टक लावून बघतो, एकच कान पुढे करतो, सूचना दिल्यावर आधी दुसरे काय करतात ते बघून मग करतो, अशा मुलाला बेशिस्त ठरवण्याआधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं आणि तुमची निरीक्षणं लिहून तयार ठेवा. पथकाला एका दिवसात सगळी मुलं बघायची असतात. तुम्ही मुलाला रोज बघता.

आणि सिकलसेल. या पट्ट्यातल्या आदिवासी मुलांमध्ये हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात सिकलसेलही आहे, हे अनेक शाळांना माहीत नसतं. बाहेरून मूल ठीकच दिसतं. मधूनच हातपाय, सांधे, पोट असह्य दुखतं, अशक्तपणा येतो, शाळा बुडते. अशा मुलासाठी वर्गात फार काही करावं लागत नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि हवं तेव्हा पिऊ द्या. लघवीला जायला अडवू नका. थंडीत, पावसात किंवा कडक उन्हात पळायला लावू नका, शिक्षा म्हणून तर कधीच नाही. ताप आला किंवा दुखणं वाढलं तर घरी पाठवून मोकळं होऊ नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवा. बुडालेल्या दिवसांचा पाठ त्याला शिक्षेसारखा एकदम देऊ नका. गाभ्याचं तेवढं निवडून द्या.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून काही करता येत नाही, हे मात्र स्वीकारू नका. ते शिष्यवृत्ती, साहित्य, परीक्षेतल्या सवलती यांसाठी लागतं, त्याचा पाठपुरावा जरूर करा. मुलाला पुढे बसवायला, चित्र दाखवायला, वेळ वाढवून द्यायला कुठलाही कागद लागत नाही.

## वैयक्तिक उद्दिष्ट लिहिताना

काही मुलांसाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा लागतो. त्यात दहा-बारा उद्दिष्टं भरून ठेवण्यापेक्षा एका सत्रात दोन किंवा तीन धरा. 'एकाग्रता वाढेल', 'आत्मविश्वास येईल', 'प्रगती होईल' अशी वाक्यं लिहू नका. ती कुणालाच तपासता येत नाहीत. डोळ्यांना दिसेल असं लिहा : 'तीन चित्रं दिल्यावर आधी-मग-शेवटी असा क्रम लावते.' आणि शेजारी मदतीचा रकाना ठेवा. सुरुवातीला हात धरून, मग बोट दाखवून, मग एकदा सांगून, मग काहीही न सांगता. अशा मुलांची प्रगती पुष्कळदा या रकान्यातच दिसते. कौशल्य तेच राहतं, मदत कमी होत जाते, आणि ती नोंद नसेल तर वर्षभराची मेहनत कागदावर शून्य दिसते.

वर्णनात्मक नोंदींचंही तसंच. 'चर्चेत सहभाग घेत नाही' यातून पुढच्या शिक्षकाला काय कळणार? त्याऐवजी : 'चार जणांच्या गटात वारलीत मोकळेपणाने बोलतो. पूर्ण वर्गासमोर मराठीत एका वाक्यात उत्तर देतो, आधी मित्राशी बोलायला वेळ दिल्यास दोन-तीन वाक्यं बोलतो.' एवढं वाचलं की उद्या काय करायचं ते समजतं.

गट पाडताना 'हुशार' आणि 'कच्चे' असे कायमचे गट नकोत. मुलांना आपली पायरी दोन दिवसांत कळते आणि ती तिथेच बसतात. कामागणिक गट बदला. एकाच मुलीला कायम मदतनीस करू नका, तिलाही शिकायचं आहे.

एक गोष्ट केवळ या भागापुरती. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. बाहेर पळण्याचा सराव शाळा घेतात. त्या सरावात चालता न येणाऱ्या मुलाला कोण उचलणार, धोक्याची घंटा न ऐकू येणाऱ्याला खूण कोण करणार, हे नावानिशी ठरलेलं असू द्या, आणि पर्यायी नावही. त्यांची बसायची जागा दारापासून जवळ हवी. हीच मुलं पुढे बसल्याने ऐकायला-बघायलाही सोपं जातं. घाबरलेल्या मुलाकडून धक्क्याच्या दुसऱ्या दिवशी नव्या घटकाची अपेक्षा करू नका. त्या दिवशी गोष्टी, गाणी, चित्रं एवढंच पुरे.

## दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या जागा

भातकापणी उरकली, दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि इतर कामांना बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हे दरवर्षी होतं, तरी आपलं वार्षिक नियोजन ते होणारच नाही असं धरून केलेलं असतं. जूनमध्ये नियोजन करताना कोणत्या मुलांचं घर बाहेर जातं त्याची यादी करा. वाचन, संख्याज्ञान, बेरीज-वजाबाकी हे ज्यावर बाकी सगळं उभं आहे ते घटक दिवाळीआधी घ्या. जे पुढे ढकललं तरी चालतं ते नंतर. पुस्तकातला पाठांचा क्रम हीसुद्धा एक अटच आहे.

मूल मागे राहू शकतं का ते आधी बघा, आजीकडे, नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. पालकांशी बोलायला ऑक्टोबरची वाट बघू नका, आवणीच्या दिवसांतच विषय काढा. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड हातात द्या आणि त्याच्यासोबत तुमच्या अक्षरात एक पान. त्यावर मुलाची बोली कुठली, मराठी कितपत समजतं, काय वाचतो, कुठवर मोजतो, काय मदत दिली की काम होतं, चष्मा किंवा औषध आहे का, एवढं लिहा. तिथल्या शिक्षकाला त्याच्या गुणांपेक्षा हे पान जास्त उपयोगी पडेल. गावातल्या एखाद्याचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि महिन्यातून एकदा मुलाशी बोला. अभ्यास विचारू नका, तो कसा आहे ते विचारा.

परत आल्यावर पहिल्या दिवशी चाचणी नको. ज्या गटात तो आधी बसायचा त्यातच बसवा. दोन-तीन दिवस त्याचं वाचन, मोजणं सहज खेळताना बघा आणि जिथे तो आहे तिथून सुरुवात करा, इयत्ता काहीही असो. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते. आईबाप रात्री बसून हिशोब करतात तो त्याने ऐकलेला असतो. दहांचे, शंभरांचे, हजारांचे गट त्याने तिथे पाहिलेले असतात. 'हजार विटा कशा रचतात?' एवढं विचारून बघा, हातात खडे द्या आणि त्याला मांडून दाखवू द्या. लहान मुलाने भट्टीवर राबणं चांगलं, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. ते थांबलंच पाहिजे. पण त्याने तिथे जे पाहिलं-ऐकलं ते त्याचं आहे, आणि स्थानिक किमतीचा पुढचा पाठ त्या खड्यांच्या ढिगापासून सुरू करता येतो. तो ढीग मांडत असताना बाकीच्या मुलांनाही भोवती बसवा, आणि एक ढीग मोडून विचारा : आता किती उरल्या?